सत्तावीस अक्षरांचा संघ

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मंडईमागच्या गल्लीत दत्तोबा निजामपूरकरांच्या पुढ्यात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट. दुपारचा दीड वाजला होता. या वेळेला पुण्यात कोणी काही विकत घ्यायला बाहेर पडत नाही. तेव्हा हा माणूस भांडायलाच आला असणार, असं दत्तोबांना वाटलं.

दत्तोबांचा धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. भांड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या पायरीशी त्यांचं टेबल, टेबलावर नावं घालायचं विजेचं मशीन, मागे पत्र्याची पेटी. लग्नाचे हंडे, मुंजीचे तांबे, बारशाच्या वाट्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं.

गृहस्थांनी ताट उलगडलं. काठावर इंग्रजीत 'हेमा बापट' असं नाव होतं.

"हे आपल्याकडचंच ना?"

"आमच्याकडचंच. काय बिघडलं?"

"बिघडलं असतं तर एकवीस वर्षं थांबलो नसतो. माझी बायको रोज यात जेवते. मी श्यामसुंदर बापट. अक्षर चांगलं आहे म्हणून विचारतोय. कोणाचं?"

दत्तोबांनी ताट उजेडात धरलं. अक्षर कोणाचं ते त्यांना लांबूनच कळलं होतं.

"आमचंच," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं, पण खरंही निम्मंच होतं. कोरणारा हात दत्तोबांचा होता, अक्षर पद्मजाबाईंचं होतं. दत्तोबा नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. मराठी त्यांना छान यायचं. इंग्रजी अक्षरं म्हणजे नुसती चित्रं. पद्मजाबाई मॅट्रिक झालेल्या. इंग्रजी नाव आलं की दत्तोबा भांडं डावीकडे सरकवायचे, डावीकडे बसलेल्या पद्मजाबाई काळ्या पेनने नाव लिहून द्यायच्या, मग दत्तोबा त्यावरून मशीन फिरवायचे. चौतीस वर्षं असं चाललं. गेल्या डिसेंबरात पद्मजाबाई गेल्या. तेव्हापासून इंग्रजीचं गिऱ्हाईक आलं की दत्तोबा सांगत, "मराठीत घालतो. नको असेल तर पुढे दुसरा आहे." भांडं हातात आलं की आधी डावीकडे सरकवायची सवय मात्र सुटली नव्हती.

श्यामसुंदर बापट बँकेतून निवृत्त झालेले, आणि बॅनरमन चषकाचे यंदाचे चिटणीस. बॅनरमन चषक म्हणजे देशातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. खडकीच्या छावणीतल्या कोणा बॅनरमन साहेबाने एकशे तीस वर्षांपूर्वी सुरू केलेली. हरला की घरी, दुसरी संधी नाही. दर वर्षी वेगळ्या शहरात भरते, आणि यंदा कित्येक वर्षांनी पुण्यात होती.

"आमचा एक विचित्र नियम आहे," बापट म्हणाले. "अंतिम सामना संपला की तिथल्या तिथे, मैदानावर, विजेत्याचं नाव चषकावर कोरायचं. हाताने, छिन्नीने. नाव पडल्याशिवाय चषक उचलायचा नाही. कोलकात्याचे एक कारागीर यायचे, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आपण कराल का?"

"इंग्रजीत?"

"साहेबाचा चषक आहे. मोडीत कसं लिहिणार?"

"किती वेळ?"

"अर्धा तास. तेवढ्यात पाहुण्यांची भाषणं होतात. आपल्याला जमणार नसेल तर स्पष्ट सांगा. औंधला एक लेझरवाला आहे. तो पट्टी कोरून चिकटवून देतो म्हणतो. मला ते मुळीच आवडलेलं नाही, पण न आवडणाऱ्या गोष्टी करायची मला बँकेपासून सवय आहे."

त्या वेळी दत्तोबांनी सांगायला हवं होतं की अक्षर माझ्या बायकोचं आहे आणि ती आता नाही. पण हे वाक्य त्यांच्या तोंडून वर्षभरात एकदाही नीट बाहेर पडलं नव्हतं. त्यापेक्षा "करतो" म्हणणं सोपं होतं. ते "करतो" म्हणाले.

बापटांनी सोळा संघांच्या नावांचा इंग्रजी कागद दिला आणि ते गेले. दत्तोबा तो कागद घेऊन समोर सुशीलाबाईंकडे गेले. सुशीलाबाई लिंबू, आलं, मिरच्या विकायच्या. राहायला वाघोलीला. त्यांचे दोन्ही भाऊ तरुणपणी गावच्या संघात फुटबॉल खेळलेले. त्यामुळे सुशीलाबाईंना खेळातलं कळायचं आणि ते त्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायच्या. सातवीपर्यंत शाळा झालेली, इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची.

"आवं, समदे तगडे संघ हायेत ह्यात," कागद बघून त्या म्हणाल्या. "तुमी कुनाच्या बाजूनं?"

"सगळ्यात छोटं नाव कुठलं?"

"नाव? आवं दत्तोबा, नाव बघून गोल व्हत्यात व्हय?"

"मला कोरायचंय. छोटं कुठलं ते सांगा."

सुशीलाबाईंनी बोट फिरवलं. "ह्ये बगा, हिल टायटन. नऊ अक्षरं."

दत्तोबांनी ती अक्षरं बघितली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एच, आय, एल, एल, टी, आय, टी, ए, एन. एकालाही वळण नाही, सगळ्या उभ्या-आडव्या-तिरक्या रेघा. मशीनने कसंही वळता येतं, पण छिन्नी शेवटची हातात धरून दत्तोबांना चाळीस वर्षं झाली होती, आणि छिन्नीला सरळ रेघ सोपी.

"आणि सगळ्यात मोठं?"

"गंगासागर स्पोर्ट्स असोसिएशन. थांबा, मोजते." मोजून झाल्यावर त्या हसायलाच लागल्या. "सत्तावीस! आन् त्यात पाच एस हायेत."

एस म्हणजे दत्तोबांचा वैरी. तो आधी इकडे वळतो, मग तिकडे. घाईत काढला की दत्तोबांच्या हातून आरशात बघितल्यासारखा उलटा पडायचा.

"हे गंगासागरवाले कसे आहेत खेळायला?"

"बारके हायेत. बंगालमदनं आल्यात. होडीवर काम करनारी पोरं, पयल्यांदाच आल्यात म्हनं. पयल्याच फेरीत जातील घरी."

"देव करो," दत्तोबा म्हणाले.

असा दत्तोबांचा फुटबॉलचा हंगाम सुरू झाला. बाकीचं पुणं कोण जिंकलं ते बघायचं, दत्तोबा कोण हरलं ते बघायचे. हरणारा प्रत्येक संघ म्हणजे शिकायचं एक नाव कमी. पहिल्या फेरीचे सामने खडकीला झाले. रोज सकाळी सुशीलाबाई पेपर उघडून बसायच्या आणि दत्तोबा हातातलं काम टाकून ऐकायचे.

"गोल्डन क्वारी वर्कर्स गेले."

"वा! तो क्यू मला जन्मात जमला नसता."

"कोसी ब्रदर्स गेले. चांगला खेळला वो त्यांचा गोलकीपर. वाईट वाटलं."

"मला नाही वाटलं. बारा अक्षरं वाचली."

"लई निर्दयी मानूस हायेत तुमी."

"आणि सत्तावीसवाले?"

सुशीलाबाईंनी पेपर खाली ठेवला. "जिंकले. शेवटच्या मिनिटाला."

आठ नावं गेली, आठ उरली. हिल टायटन आरामात पुढे गेले होते. गंगासागरही पुढे गेले होते, आरामात नाही.

दत्तोबा रोज दुकान आवरलं की तासभर सराव करायचे. तांबट आळीतून त्यांनी तांब्याच्या पत्र्याचे तुकडे आणले होते. त्यावर एकेक नाव कोरायचं आणि तारेत ओवून टेबलामागच्या खिळ्याला टांगायचं. हिल टायटनचं नाव चार दिवसांत बसलं. मग वेळ सगळा गंगासागरवर जाऊ लागला, कारण तेच जमत नव्हतं. अक्षरं वर-खाली व्हायची. सुरुवात पत्र्याच्या मधे, शेवट पत्र्याच्या काठावर.

शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची मुलगी अपूर्वा दर रविवारी फोन करायची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एवढं काय टेन्शन घेता? मी कॉम्प्युटरवर टाइप करून स्टिकर प्रिंट करते. उरलेल्या सगळ्या टीम्सचे करू. चिकटवा आणि वरून कोरा. सिंपल."

ती स्टिकर घेऊन आलीही. पण चषकावरची नाव घालायची पट्टी गोल, आणि स्टिकर सपाट. दत्तोबांनी तांब्याच्या लोट्यावर चिकटवून बघितलं तर सुरकुत्या पडल्या आणि छिन्नी टेकवल्याबरोबर कागद फाटून तिच्याबरोबर फिरायला लागला. दत्तोबा लोट्यावरचा कागद नखाने खरवडायला लागले.

"आई कसं करायची?" अपूर्वाने विचारलं.

"काही नाही करायची. लिहायची. नुसतं लिहिलं की सरळ यायचं."

"तिचं लिहिलेलं काही आहे का घरात? इंग्लिशमधलं?"

दत्तोबांनी घर शोधलं होतं. वाण्याच्या याद्या मराठीत, पत्रं मराठीत. पद्मजाबाईंनी इंग्रजी लिहिलं ते फक्त भांड्यांवर, आणि ती भांडी पुण्यातल्या घराघरांत गेली होती.

हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सहज सुशीलाबाईंना सांगितलं. संध्याकाळी सुशीलाबाईंनी आपला जेवणाचा डबा घासून आणून टेबलावर ठेवला. झाकणावर इंग्रजीत 'सुशीला' होतं.

"वैनींनी लिवलंय. बारा वर्सं झाली. ह्यात दोन एस हायेत. घ्या, बगा किती बगायचं त्ये."

दत्तोबांनी झाकणावरून बोट फिरवलं. एस आधी डावीकडे पोट काढत होता, मग उजवीकडे. किती साधं होतं. ते नाकावर चष्मा सारखा करत बसले.

"रडू नका, डब्यात पानी जाईल," सुशीलाबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी परत द्या. माझी भाकर हाय त्यात."

उपउपांत्य फेरीला दत्तोबा स्वतः खडकीला गेले. गंगासागर हरताना डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. सुशीलाबाई टोपली बहिणीवर सोपवून बरोबर आल्या. गंगासागरची पोरं खरंच बारकी होती. समोरचे एकेक असे की एकामागे दोघं लपतील. ऐंशी मिनिटं गंगासागरच्या गोलसमोरच खेळ चालला होता. त्यांचा गोलकीपर, निताई नावाचा लांब हातांचा माणूस, इकडून तिकडे उड्या मारत होता.

"आता चेंडू जातोय बघा आत," दत्तोबा दर दोन मिनिटांनी म्हणायचे.

तो गेला नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गंगासागरने एकदाच चेंडू पुढे नेला आणि गोल केला. सुशीलाबाई उभ्या राहून शिट्टी वाजवायला लागल्या.

"तुम्ही कोणाच्या बाजूने?" दत्तोबांनी चिडून विचारलं.

"जो चांगला खेळंल त्याच्या. तुमी बसा अक्षरं मोजत."

खरी गंमत त्यानंतर झाली. दोन दिवसांनी गंगासागरचे पाच-सहा खेळाडू मंडईत लिंबं घ्यायला आले. सुशीलाबाईंनी निताईला ओळखलं, त्याच्या हातात दोन लिंबं जास्त कोंबली आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की मी तुमची मॅच बघितली. बोलता बोलता निताईची नजर समोर गेली. दत्तोबांच्या टेबलामागे खिळ्याला तांब्याचे तीस-चाळीस तुकडे लटकत होते. जवळजवळ प्रत्येकावर एकच नाव, त्यांच्या संघाचं.

निताई रस्ता ओलांडून आला. त्याने एक तुकडा हातात घेतला, मग दुसरा. काहींवर नाव वाकडं होतं, काहींवर एस उलटा होता. त्याने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली. सगळे टेबलाभोवती जमले.

"दादा, ये सब आपने बनाया? हमारे लिए?"

दत्तोबांनी तोंड उघडलं. पण 'तुम्ही हरावं म्हणून मी महिनाभर देवाला विनवतोय' हे हिंदीत कसं म्हणतात ते त्यांना सुचेना. मराठीतही सुचलं नसतं.

"हां," ते म्हणाले. "बनाया."

एकेकाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सगळ्यांत लहान दिसणाऱ्याने गळ्यातला निळा-पांढरा पंचा काढून दत्तोबांच्या गळ्यात घातला. निताईने सांगितलं की हॉटेलात त्यांना कोणी ओळखत नाही, मैदानावर त्यांच्या बाजूने ओरडणारं कोणी नाही. एवढ्या मोठ्या शहरात आपला एक तरी माणूस आहे हे आज कळलं. उपांत्य सामन्याला दादांनी त्यांच्या माणसांत बसायचं.

ते गेल्यावर सुशीलाबाई रस्त्याच्या त्या बाजूने बघत होत्या.

"हसा," दत्तोबा म्हणाले.

"मी कुटं हसतेय? पंचा बरा दिसतोय तुमाला."

उपांत्य सामन्याला दत्तोबा पंचा घालून गेले. गंगासागरच्या बाजूला राखीव खेळाडू, प्रशिक्षक, स्वयंपाकी आणि दत्तोबा, एवढेच लोक. पहिली दहा मिनिटं ते गप्प बसले. मग समोरच्याने निताईच्या पोटरीत लाथ घातली तेव्हा ते उठून ओरडले. त्यानंतर खाली बसलेच नाहीत. सामना पेनल्टीवर गेला. निताईने शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा दत्तोबांनी शेजारच्या स्वयंपाक्याला मिठी मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

मिठी सुटली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. अंतिम सामना हिल टायटन आणि गंगासागर. नऊ किंवा सत्तावीस. शनिवारी. सहा दिवस उरले होते आणि गंगासागरचं नाव अजून एकदाही सरळ पडलं नव्हतं.

ते तसेच पंचा गळ्यात ठेवून बापटांकडे गेले. बापट मैदानाच्या कडेला खुर्च्या मोजत होते.

"साहेब, ते ताट," दत्तोबा म्हणाले. "त्यावरचं अक्षर माझं नव्हतं. माझ्या बायकोचं होतं. मी फक्त कोरायचो. ती गेली, वर्ष झालं."

वाक्य बाहेर पडलं. दत्तोबांनाच नवल वाटलं.

बापटांनी खुर्च्या मोजणं थांबवलं. मग म्हणाले, "हे नोव्हेंबरात सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

"हो."

"मला त्यांना भेटता आलं नाही याचं वाईट वाटतं. हेमाने विचारलं होतं, त्या बाई कशा आहेत म्हणून. तिला त्यांनी ताटाबरोबर एक वाटी फुकट दिली होती." त्यांनी हातातली खुर्ची ओळीत सरकवली. "आता कामाचं. लेझरवाल्याला मी शनिवारी बोलावून ठेवतो. तो पट्टी घेऊन बाजूला बसेल. आपण सुरू करा. बिघडतंय असं वाटलं तर हात वर करा. मी काही बोलणार नाही. म्हणजे तेव्हा बोलणार नाही."

"आणि आधीच नको म्हटलं तर?"

"तर आजच सांगा. त्याला पेट्रोलचा त्रास कशाला?"

दत्तोबांनी गळ्यातल्या पंच्याचं टोक दोन्ही हातांनी ओढून धरलं. "मी बसतो," ते म्हणाले.

मंगळवारी एका बाईंनी देव्हाऱ्यातल्या कलशावर मराठीत नाव घालायला दिलं. 'मथुराबाई' असं साधं नाव. दत्तोबांनी न बघितल्यासारखं घातलं, सरळ, एका दमात. बाई गेल्या आणि ते तसेच बसून राहिले. मराठी सरळ का पडतं? कारण प्रत्येक अक्षर वरून लोंबतं. वर रेघ आहे हे हाताला माहीत असतं. पद्मजाबाई वहीतल्यासारखं खालच्या रेघेवर अक्षर ठेवायच्या. आपण महिनाभर त्यांच्यासारखं ठेवायला बघतोय. आपल्या हाताला ठेवणं येत नाही, टांगणं येतं.

त्यांनी तांब्यावर पेनाने एक बारीक रेघ मारली आणि जी, ए, एन, जी त्या रेघेला दोरीवर कपडे घालावेत तसे टांगत गेले. सत्तावीसच्या सत्तावीस सरळ आली. ओल्या फडक्याने रेघ पुसली की कोणाला काही कळायचं नाही.

"सुशीलाबाई!" त्यांनी हाक मारली.

सुशीलाबाईंनी पत्रा लांब धरून बघितला. "जमलं की वो. आता ह्ये हरले तर कसं वाटंल तुमाला?"

दत्तोबांनी पत्रा परत घेतला आणि खिळ्याला टांगला.

शनिवारी बालेवाडीला चार वाजता सामना सुरू झाला. मैदानाच्या कडेला मांडवात एक टेबल, त्यावर पांढऱ्या कापडावर चषक. गुडघ्याएवढा उंच, चांदीचा, अंगभर नावंच नावं, तळच्या पट्टीवर एका नावाची जागा रिकामी. टेबलाच्या एका बाजूला दत्तोबा आणि अपूर्वा, दुसऱ्या बाजूला लेझरवाला आपल्या डब्यासह. लेझरवाला भला माणूस होता. त्याने दत्तोबांना पाणी दिलं आणि फोनमध्ये डोकं घातलं.

पहिल्या अर्ध्यात हिल टायटनचा गोल झाला. दत्तोबांच्या मनात आलं, नऊ अक्षरं, सगळी सरळ, दहा मिनिटांत मोकळे. आणि त्या विचाराने त्यांना काहीच बरं वाटलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात गंगासागरने बरोबरी केली. त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्या सगळ्यांत लहान दिसणाऱ्याने उडी मारून डोक्याने गोल केला. अपूर्वा किंचाळली. वरच्या रांगेतून सुशीलाबाईंची शिट्टी आली. शेवटची सात मिनिटं निताईने एकट्याने काढली असं म्हटलं तरी चालेल.

शिट्टी झाली. गंगासागर दोन, हिल टायटन एक.

"बाबा, थर्टी मिनिट्स," अपूर्वाने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

माईकवर पहिलं भाषण सुरू झालं. दत्तोबांनी चषक पुढ्यात घेतला आणि डावीकडे सरकवला. तिथे कोणी नव्हतं. ते क्षणभर थांबले, मग चषक परत ओढून दोन गुडघ्यांत धरला. पेनाने बारीक रेघ मारली आणि छिन्नी टेकवली.

पहिला जी त्यांनी फार सावकाश घातला. तिसऱ्या अक्षरापासून वेग आला. गंगासागर संपलं तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. पहिले पाहुणे त्या वेळी खेळाचं आयुष्यातलं महत्त्व सांगत होते. स्पोर्ट्समधले दोन्ही एस योग्य बाजूला वळले. दुसऱ्या पाहुण्यांनी आपल्या शाळेतल्या आठवणी काढल्या. असोसिएशनच्या मध्यावर छिन्नी एकदा सटकली, पण अक्षराच्या आतच. तिसरे पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा गंगासागरचे सगळे खेळाडू मांडवाच्या दारात जमून श्वास धरून बघत होते.

"ट्वेंटी सेव्हन मिनिट्स, बाबा."

शेवटचा एन पडला. सत्तावीस. सरळ. दत्तोबांनी श्वास सोडला. आणि तो सुटताना, नाव संपलं की हात जे चाळीस वर्षं करत आला होता, तेच त्याने केलं. छिन्नी पहिल्या अक्षराच्या डोक्यावर गेली आणि टक-टक-टक करत शेवटच्या अक्षरापर्यंत सरळ रेघ ओढून आली.

अपूर्वाने तोंडावर हात ठेवला.

बापट धावत आले. चष्मा वर करून त्यांनी पट्टी बघितली.

"दत्तोबा, हे काय आहे?"

"शिरोरेघ."

"ते मला दिसतंय. इंग्रजीला?"

"हात गेला."

लेझरवाल्याने वाकून बघितलं. "घासून निघेल, पण चांदी जाईल. नावही थोडं जाईल."

बापट काही बोलणार एवढ्यात निताई पुढे आला. त्याने चषकावर मान वाकवली, रेघ बघितली, बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, आणि बाकीच्यांकडे वळून ओरडला, "मात्रा! दादा मात्रा दियेछे!"

सगळे एकदम आत घुसले. बंगालीतही अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात आणि त्या रेघेला ते मात्रा म्हणतात, हे निताईने हुंदके देत हिंदीत समजावलं. एकशे तीस वर्षांची नावं या चषकावर आहेत, सगळी साहेबाच्या पद्धतीची. दादांनी आमचं नाव आमच्या पद्धतीने घातलं.

बापटांनी दत्तोबांना बाजूला घेतलं. "यांना सांगायचं का, की चुकून पडली?"

"आपणच सांगा. माझं हिंदी कच्चं आहे."

बापटांनी एकदा खेळाडूंकडे बघितलं, एकदा पट्टीकडे. मग सदरा सारखा करून ते माईककडे गेले. तिसऱ्या पाहुण्यांचं भाषण त्यांनी मधेच आभार मानून संपवलं आणि जाहीर केलं की यंदा विजेत्या संघाच्या मातृभाषेच्या सन्मानार्थ चषकावरील नाव शिरोरेघेसह कोरण्यात आले असून, हा निर्णय स्थानिक समितीने पूर्ण विचारान्ती घेतलेला आहे. टाळ्या झाल्या. सर्वांत जास्त टाळ्या समितीच्या सभासदांनी वाजवल्या, कारण त्यांना हे आत्ताच कळत होतं.

चषक उचलला गेला. निळे-पांढरे कागद उडाले. दत्तोबा छिन्नी पुसून पेटी आवरायला लागले, तेवढ्यात त्यांच्या पुढ्यात स्टीलची पाण्याची बाटली आली. मागे निताई उभा.

"दादा, मेरा नाम भी. मात्रा के साथ."

त्याच्या मागे दुसरा बाटली घेऊन उभा होता. त्याच्या मागे तिसरा. सगळ्यांत शेवटी स्वयंपाकी, हातात मोठा डाव घेऊन.

अपूर्वा म्हणाली, "बाबा, यांची बस आहे साडेसातला. मी लिहून देऊ का नावं?"

"नको," दत्तोबा म्हणाले. "तू फक्त विचारून सांग. मी घालतो."

त्यांनी बाटली गुडघ्यांत धरली. वरून सुशीलाबाई खाली उतरत होत्या आणि उतरता उतरताच ओरडत होत्या, "आवं, रांगेत हुबं ऱ्हावा! ढकलाढकली करू नका! दत्तोबा, हेंच्यात माझा भी एक तांब्या हाय, तो शेवटाला ठेवू नका!"